तुराटीचं माप

मुडबी,
६ जुलै २०२४

विहीणबाई सुमनबाई यांना सुभद्राचा जय भीम.

फोन करायचा सोडून ही बाई पत्र काय लिहीत बसली, असं म्हणाल. फोन केला होता. तुम्ही तिकडून बोलत होता आणि मला नुसता वारा ऐकू आला. मग फोन ह्यांनी घेतला, बराच वेळ व्हय व्हय केलं आणि ठेवून दिला. काय म्हणाल्या विहीणबाई, म्हणून विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई. बरं हाय म्हन्ल्या." एवढा वेळ बोलून नुसतं बरं हाय? आपल्या दोघींचं बोलणं ह्यांच्या तोंडून यायचं असेल तर नातीचं लग्न होईपर्यंत मला काही कळायचं नाही. सातवीपर्यंत शिकलेय, ते कधी कामाला यायचं?

कारण असं की आपल्या नातीचे, मित्राचे, ते दांडीनं जोडलेले बूट लहान झालेत. बोटं पुढून बाहेर येतात. झोपताना घालायला घेतले की बिचारी रडत नाही, सवय झालीय, पण बोटं मुडपून धरते. चार-पाच वर्षांची होईपर्यंत झोपेत हे बूट सुटायचे नाहीत, सुटले तर सरळ केलेले पाय पुन्हा आत वळतील, हे डॉक्टरांचं सांगणं माझ्या डोक्यात पक्कं आहे. जन्मली तेव्हाचे तिचे पाय मला अजून दिसतात. दोन्ही तळवे एकमेकांकडे तोंड करून. तुमची लेक दीपमाला भिंतीकडे तोंड फिरवून पडली होती आणि आमचा राजपाल बाहेर जाऊन बसला होता, तेव्हा ते पाय पहिल्यांदा तुम्ही आणि मी हातात घेतले. आता ती दोघं हैदराबादला कंपनीत, तिथं पोरीला बघायला कुणी नाही, म्हणून ती माझ्याजवळ. त्याबद्दल तक्रार नाही.

मीच तिला घेऊन कलबुर्गीला यायला पाहिजे. पण खुरपण ऐन भरात आहे, पोरीला दोन दिवस ताप आहे, आणि कंडक्टर काय ओरडतो ते मला कळत नाही. गेल्या वेळी मी हुमनाबादच्या गाडीत बसले आणि हुमनाबादला जाऊन उतरले, हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून माप पाठवते. पायाला तुराटी लावून मोडलीय. तुरीची वाळलेली काडी आहे, नीट ठेवा, पर्समध्ये कोंबू नका, मोडेल. आमच्या गावचे उद्धवराव कोर्टाच्या तारखेला येणार आहेत, ते पत्र आणि काडी तुमच्या हातात देतील. दवाखान्यात जिथं बूट करतात तिथं दाखवा.

तुमची विहीण,
सुभद्रा

कलबुर्गी,
२१ जुलै २०२४

सुभद्राबाई, जय भीम.

काडी पर्समध्येच ठेवली, आणि मोडली नाही.

बूट मिळाले. कसे मिळाले ते ऐका. म्हणजे वाचा. बूट बसवणारे सिद्धलिंग रजेवर होते. त्यांच्या जागेवरचा माणूस काडी बघून हसायलाच लागला. कन्नडमध्ये म्हणाला, अक्का, पोरीला आणा, काडीवर बूट देत नाही. मी म्हटलं, माझ्या विहिणीला ऐकू येत नाही, पोर तापात आहे, आणि मी शाळेतल्या पोरांचा भात दुसरीच्या हवाली करून आलेय. तरी नाही म्हणाला. मग मी तिथंच बाकावर बसले. तुम्हाला माझं बसणं माहीत आहे. दुपार झाली तशी त्याला दया आली की कंटाळा आला कोण जाणे, त्यानं कपाटातून तयार जोड काढला. "लवकर पोरीला आणून दाखवा, बघितल्याशिवाय खरं नाही," असं दोनदा म्हणाला. मी हो हो केलं.

एक काम मात्र मी हुशारीनं केलं. तो काडीच्या मापाचा जोड देत होता, मी भांडून एक नंबर वरचा घेतला. वाढतं अंग आहे पोरीचं. पुन्हा चार महिन्यांनी ही कसरत कोण करणार? दीपमालाला मी कधी मापाचं काही घेतलं नाही. दुसरीत शिवलेला परकर पाचवीपर्यंत घातला तिनं.

उद्धवरावांच्या हाती बूट पाठवते. दांडी तीच, जुन्या बुटांची काढून ह्याला लावलीय. पट्टे आवळून बांधा, टाच खाली बसली पाहिजे. मागं बारीक भोक असतं, त्यातून टाच दिसते का बघत जा.

सुमन

मुडबी,
५ ऑगस्ट २०२४

विहीणबाई, जय भीम.

बूट बघून जीव निवला. नव्या चामड्याचा वास घरभर पसरला होता. मोठा नंबर आणलात ते फार बरं केलंत, मीही तेच म्हणणार होते. ह्यांनी दोन बोटांनी दांडी उचलून बघितली आणि म्हणाले, "बरं हाय."

पण मित्राला ते चावतात. पहिल्याच रात्री पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढले तरी सकाळी बघते तर बूट खाटेखाली आणि ही उघड्या पायांनी गोधडीवर बसलेली. मला म्हणते, "आज्जी, पाय पळाले." मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी टाचेवर लाल चट्टा दिसला, तिसऱ्या दिवशी फोड. नवे बूट चावतातच, आपल्याला चप्पल चावत नाही का? मी खोबरेल लावलं आणि टाचेमागं कापूस भरला. कापूस भरल्यावर भोकातून टाच दिसत नाही, पण पोरीला त्यातल्या त्यात मऊ लागतं.

अंगात जरा कणकण आहे. दिवसभर वाकून खुरपण आणि संध्याकाळी हिच्याशी कुस्ती. फोड बरा झाला की कळवते.

सुभद्रा

कलबुर्गी,
१८ ऑगस्ट २०२४

सुभद्राबाई, जय भीम.

रागावू नका, पण स्पष्ट लिहिते. फोड येतील, चामडं कडक आहे. पण पोरगी रडली की तुम्ही पट्टा सैल करता, हे मला इथं बसून दिसतं. तुमच्या मायेची मला खात्री आहे, तीच तर भीती आहे. पहिल्या प्लास्टरच्या वेळी कोण पदर डोळ्याला लावून बाहेर पळालं होतं? आत पाय धरून मी बसले होते.

रडू द्या. रडून माणूस मरत नाही. वाकड्या पायांची पोर आयुष्यभर रडेल, त्यापेक्षा आता रडलेलं बरं. बूट काढायचे नाहीत म्हणजे नाहीत.

दीपमालाचा फोन रोज येतो. आई, बूट घालतात ना, हे एकच विचारते. मी म्हणते, घालतात. मला खोटं पाडू नका.

सुमन

कलबुर्गी,
२२ सप्टेंबर २०२४

सुभद्राबाई,

उत्तर नाही. मध्ये तुमच्या घरी फोन केला तर भीमराजअण्णा म्हणाले, बरं हाय. मला त्यांच्या बरं हायचा आता राग यायला लागलाय. दोन ओळी लिहा.

सुमन

मुडबी,
१४ ऑक्टोबर २०२४

विहीणबाई, जय भीम.

उशीर झाला, माफ करा. आज वंदनेला सगळी वस्ती विहारात जमली होती. मित्राला पांढरा फ्रॉक घातला होता. सगळ्यांत पुढं जाऊन बसली आणि बुद्धं सरणं सगळ्यांच्या आधी म्हणून मोकळी झाली.

तूर यंदा बरी आहे, फुलावर आलीय. मूग मात्र पावसात काळा पडला. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? शाळेत खाली बसून भाजी चिरू नका, पाट घ्या.

मित्रा मजेत आहे. बुटांची काळजी करू नका. वंदना झाल्यावर पोरांनी गाणी लावली तर ही काय नाचली! उजवी टाच उचलून, नुसत्या चवड्यावर, नाचणाऱ्या बाईसारखी. सगळी बायामाणसं हसून बेजार. दीपमालाला सांगा, लेक नाच शिकली म्हणून.

बाकी ठीक.

सुभद्रा

कलबुर्गी,
२२ ऑक्टोबर २०२४

सुभद्राबाई,

उजवी टाच उचलून? नाचतानाच, की चालतानाही? खाली टेकते का? टेकत नसेल तर तो नाच नव्हे. डॉक्टरांनी आपल्या दोघींसमोर सांगितलं होतं, टाच वर राहायला लागली की पाय परत फिरायला लागला असं समजा. तुम्हाला ऐकू आलं नसेल म्हणून मी तिथल्या तिथं तुमच्या कानात ओरडून सांगितलं होतं. ते आठवतं का?

येत्या रविवारी पहिल्या गाडीनं येते. बूट काढून ठेवा, मला बघायचेत.

सुमन

मुडबी,
२९ ऑक्टोबर २०२४

विहीणबाई,

चहा न घेता गेलात. आमच्या घरातून विहीण चहा न घेता गेली, हे गल्लीनं बघितलं.

तुम्हाला बूट उतरंडीमागं सापडले, धूळ बसलेले. ती धूळ मी पुसली नाही हे बरंच झालं, नाहीतर तुम्हाला अजून काहीतरी खोटं सांगितलं असतं. पत्रात तुम्हाला फसवलं, ते खरं आहे. पण तुम्ही अंगणात उभं राहून जे बोललात, "माझ्या लेकीच्या पोरीला तुम्ही लंगडी करायला बसलाय," ते मला ऐकू आलं. मला गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, पण हे शब्द न् शब्द ऐकू आले. पोरगी मला मिठी मारून ओरडायला लागली. तुम्ही बूट हातात घेतल्याबरोबर तिनं पाय पोटाशी ओढून घेतले आणि घालून बघायचं राहूनच गेलं. तुम्ही परतीची गाडी धरलीत.

आता माझं ऐका. मी थकलेय. असं कधी कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. फोड बरा झाला नाही, फुटला. त्यावर दुसरा आला. टाचेचं साल निघून मोज्याला चिकटायचं, मोजा काढताना रक्त यायचं. मी पट्टे सैल केले नाहीत. तुम्हाला दिसलं म्हणता, ते चुकीचं दिसलं. इतके आवळले की पावलावर वळ उठले. तरी पाय निसटायचा. संध्याकाळ झाली की ती माझ्या तोंडाकडं बघायची. खेळता खेळता थांबायची आणि म्हणायची, "आज्जी, आज नको." रोज तेच. मग एका दिवशी मी म्हटलं, बरं, आज नको. त्या दिवशी आम्ही दोघी गाढ झोपलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायचा धीर झाला नाही, आणि तिसऱ्या दिवशी मी ते उतरंडीमागं ठेवले.

टाच टेकत नाही. तुम्ही गेल्यावर मी तिला ओल्या पायांनी फरशीवर चालवून बघितलं. डाव्याचा पूर्ण ठसा उठतो. उजव्याचा नुसता पुढचा, तोही कडेचा.

सोमवारी हे तिला घेऊन येतील, बूट त्यांच्याजवळ देते. मी येत नाही. मला तिथं बघवायचं नाही आणि तुमच्या शेजारी बसवायचंही नाही.

सुभद्रा

कलबुर्गी,
१७ नोव्हेंबर २०२४

सुभद्राबाई, जय भीम.

अण्णांनी घरी येऊन "बरं हाय" एवढंच सांगितलं असणार, म्हणून सगळं लिहिते. बरं नाही. पण घाबरू नका.

सिद्धलिंग ह्या वेळी होते. त्यांनी बूट घेतले, आतला कापूस ओढून काढला. निघतच राहिला, गादी उसवल्यासारखा. मग मित्राला चॉकलेट दिलं, पायात बूट घातला, पट्टा लावला आणि टाचेमागं बोट घातलं. बोट सरळ आत गेलं. दुसरं घातलं, तेही गेलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "अक्का, ह्ये बूट हिच्या थोरल्या बहिणीचं हाय काय?"

मी म्हटलं, मापावर घेतलेत, मापाची काडी माझ्याजवळ आहे. तुमची तुराटी अजून पर्समध्येच होती. काढून दिली. त्यांनी ती पोरीच्या तळव्याला लावली. जुलैतली काडी, आणि मध्ये एवढे महिने गेले, तरी काडीच पुढं निघाली. "ह्ये माप कुनी मोडलं?"

खरं सांगते, मला त्या वेळी आनंद झाला. विहिणीची चूक सापडली याचा आनंद. तोंडात आलंच होतं की पोरीची आजी, मुडबीची. अण्णा खाली मान घालून उभे होते. तेवढ्यात सिद्धलिंगनी तीच काडी बुटाच्या तळाला लावली. बूट काडीपेक्षाही मोठा. "बरं, काडी मोडनाऱ्यानं वाढवली. आनि काडीच्या वरचं ह्ये कुनी वाढवलं?"

माझ्या तोंडातलं तोंडातच राहिलं. तो वरचा नंबर मी भांडून घेतला होता, हे मीच तुम्हाला फुशारकीनं लिहिलं होतं. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन बोलले. म्हणाले, "दोघींनी बी बोट बोट वाढवलंय, साहेब. वाढतं अंग हाय म्हनून."

सिद्धलिंग रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलं, टाच खाली बसली नाही की पाय बुटात घसरतो, घसरला की साल जातं, पट्टा कितीही आवळा. पोरीचा हट्ट नाही, आजीचा लाड नाही. बूटच तिचा नव्हता. मी तुम्हाला अंगणात जे बोलले ते मला त्या बाकावर बसून परत ऐकू यायला लागलं. ते मी बोलायला नको होतं. तुमचा चहाही घ्यायला पाहिजे होता.

डॉक्टर म्हणाले, डावा शाबूत आहे, उजवा फिरलाय. पुन्हा प्लास्टर. दर आठवड्याला काढायचं, थोडं वळवायचं, परत घालायचं. टाचेमागची शीर पुन्हा कापावी लागेल का, ते शेवटी बघू म्हणाले. तोवर मित्रा माझ्याकडं राहील. पहिलं प्लास्टर घालताना मी पाय धरून बसले होते. ह्या वेळी मी बाहेर पळाले, सुभद्राबाई. पाय सिस्टरनं धरला.

दीपमालाला मीच सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आई, तुम्हा दोघींवर टाकून आम्ही इथं बसलोय, आम्ही काय बोलणार. तिचंही खरं आहे आणि त्यानं मला आणखी वाईट वाटलं.

सुमन

मुडबी,
१ डिसेंबर २०२४

विहीणबाई, जय भीम.

पत्र तीनदा वाचलं. एकदा रडून, एकदा रागानं, आणि एकदा नीट.

काडी मी बोटभर वाढवून मोडली होती. ते तुम्हाला लिहिलं नाही, कारण लिहायचं सुचलंच नाही. पिठात पाणी घातलं, हे कुणी कुणाला कळवतं का? माझ्या आईनं माझ्या पायाचं माप असंच मोडलं, मी राजपालचं असंच मोडलं. पायाला काडी लावायची आणि पुढं एक बोट धरून मग मोडायची. हात आपोआप तिथंच जातो. आणि तुम्ही मोठा नंबर घेतल्याचं वाचून मी खूश झाले, तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही की त्यात माझं बोट आधीच आहे. तुम्ही अडाणी म्हणालात तरी चालेल, पण तुम्हालाही बरोबर घेईन.

आयुष्यभर सगळं पुढच्या वर्षाचं बघून घेतलं आपण. पुढच्या वर्षीच्या पायांना बूट आणले, आणि पोरीचे ह्या वर्षीचे पाय उघडे पडले.

घर खायला उठतं. संध्याकाळ झाली की मी अजून मोजे शोधते. तूर कापणीला आलीय, पण कामात मन नाही. ह्यांनी काल तिचा पांढरा फ्रॉक दोरीवरून काढून त्याची घडी घातली, उलगडली, परत घातली.

ती रात्री माझी आठवण काढते का? काढत नसेल तरी काढते म्हणून लिहा.

अंगणातल्या बोलण्याचं सोडून द्या. मी सोडलंय. अगदी सगळं नाही, पण बरंचसं.

सुभद्रा

कलबुर्गी,
१२ जानेवारी २०२५

सुभद्राबाई, जय भीम.

आठवण काढते. खोटं नाही, खरंच काढते. मी केलेली भाकरी तुमच्यासारखी नाही म्हणून रोज सांगते. आणि मी फोनवर मोठ्यानं बोलले की म्हणते, "आज्जीला आयकू यायलंय का?"

प्लास्टर निघालं. टाच खाली आलीय, शीर कापावी लागली नाही. उजवा पाय डाव्यासारखा अगदी सरळ होईल का, हे डॉक्टर आत्ता सांगत नाहीत. दमली की बोटं थोडी आत वळतील कदाचित, म्हणाले. ते ऐकून घेतलं. मग शाळेत गेले आणि पोरांचा भात शिजवला.

नवे बूट सिद्धलिंगनी तिला टेबलावर बसवून घातले. टाच भोकातून दिसते, पैशाएवढी गोल. त्यांनी मला बोट घालून बघायला सांगितलं, गेलं नाही. माझ्या तोंडून सवयीनं निघालंच, "थोडं वाढतं..." आणि त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पर्स उघडून उगीच रुमाल शोधायला लागले. तीन-चार महिन्यांनी पोरीलाच घेऊन यायचं, असं ठरलंय. मी मुडबीला येऊन तुम्हाला दोघींना घेऊन जाईन, म्हणजे हुमनाबादची फेरी वाचेल.

बूट घालून रात्रभर झोपते. पहिल्या रात्री मी सारखी उठून पाय चाचपत होते, तीच कंटाळून उठली. म्हणाली, "पाय पळाले न्हाईत, झोप की."

पुढच्या रविवारी आणून सोडते. माझा जीव गुंतलाय, पण तुमचं घर तुम्हाला खायला उठतंय हे वाचलंय मी. चहा टाकून ठेवा. ह्या वेळी दोन कप पिईन.

सुमन

मुडबी,
२३ मार्च २०२५

विहीणबाई, जय भीम.

मित्रा ठीक आहे. रोज झोपायच्या आधी बूट तीच घेऊन येते, दांडी ओढत, फरशीवर खडखडाट करत. तो मात्र मला ऐकू येतो. समोर पाय पसरून बसते आणि मी पट्टा लावला की माझं बोट धरून टाचेमागं नेते. जात नाही म्हणून दोघी हसतो. तेल लावत नाही आता, कापूस नाही. साल गेल्याचा डाग तेवढा राहिलाय.

तुम्ही सांगितलं होतं तसंच आहे. सकाळी उजवा पाय सरळ पडतो, दिवस कलला की बोटं आत वळतात. काल वाटेत पडली. उठली आणि पुन्हा पळाली. मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले. मला वाईट वाटणं काही थांबत नाही, ते तुम्हाला सोडून कुणाला सांगू?

आता काम. चौदा एप्रिलला मिरवणुकीत चालायचं म्हणते. कडेवर नाही, चालायचं. राजपाल, दीपमाला दोघं येणार आहेत. त्यांच्यासमोर तिला चालत जायचंय. दिवसा साधी चप्पल चालते असं सिद्धलिंग म्हणालेत, मागं पट्टा असलेली. आमच्याकडं बाजारात धड मिळत नाही, तुम्ही घ्या. निळ्या पट्ट्याची असली तर तिला आवडेल.

माप सोबत पाठवतेय. तुराटी पायाला लावली, आणि सवयीनं हात बोटभर पुढं गेलाच. हे माझ्याकडं बघत बसले होते. मी हात मागं घेतला आणि बरोबर अंगठ्यापाशी मोडली. कडकन मोडली, ह्यांनीही ऐकलं. तुम्हीसुद्धा दुकानात तोंड मिटून राहा.

पायात आली की ह्याच वर्षी झिजू दे. पुढच्या वर्षी पुन्हा काडी मोडू.

हे विचारतायत, विहीणबाईंना काय लिहिलंस. मी सांगितलं, बरं हाय म्हणून लिहिलं.

तुमची,
सुभद्रा